डावा गुडघा

बीच फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
६ जानेवारी १९५७

ती. डेल्फाताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पार्सल पोचलं. ओपलनं सुरी आणेपर्यंत अर्धा केक मी हातानंच मोडून खाल्ला. त्यावरून घरात जी जुंपली ती भेटीत सांगेन. आज कामासाठी लिहितोय.

येत्या १९ तारखेला तुमच्या मार्लो कॉलेजचे ससाणे आमच्या अस्वलांशी बास्केटबॉल खेळायला येतायत. साखळीत यंदा आमची अस्वलं अजून हरलेली नाहीत. वेंडेल पहिल्या पाचांत आहे हे तुला माहीत आहेच, पण तुझा भाचा आता कसा खेळतो ते तू पाहिलेलं नाहीस. गेल्या शनिवारी त्यानं एकाला असा खांदा दिला की तो पोरगा भिंतीवरच्या, हॉल तापवणाऱ्या वाफेच्या नळीला जाऊन चिकटला. कातडं भाजल्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला.

न्हाव्याच्या दुकानात रोज हाच विषय चालतो. तुमच्या पाचही जणांची आम्ही पार चिरफाड करून ठेवली आहे. जो वाऱ्यासारखा पळतो, त्याला उजवीकडेच वळता येतं. त्याचा जोडीदार एका धक्क्यात आईला हाक मारेल. उरलेल्या दोघांकडे आमची पोरं बघतसुद्धा नाहीत. अडतंय ते त्या लांबड्या लायल कॅस्टोपाशी. त्याला कसा आडवा करायचा यावरून काल दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या आणि साबण लावलेल्या तोंडांनीच रस्त्यावर मारामारी केली.

तू तर कॉलेजच्या मेसमध्ये त्याला दिवसातून तीन वेळा जेवायला वाढतेस. तो काय खातो, कसा चालतो, कशाला घाबरतो, सगळं कळव. गेल्या वर्षी तुमच्या बायकांनी पहिल्या रांगेत बसून टोपीच्या पिना आमच्या पोरांच्या पोटऱ्यांत खुपसल्या होत्या. वेंडेलचे मोजे रक्तानं भिजले होते. ते विसरू नकोस. आमच्यावाल्यांनीही खाणीतल्या दिव्यावर खिळे तापवून फेकले होते हे खरं, पण सुरुवात तुमची होती.

ओपलचा नमस्कार. भाऊ वाह्यात असला तरी एकुलता आहे, तेव्हा माया पातळ करू नकोस.

तुझा,
थर्मन


मार्लो
१० जानेवारी १९५७

चि. थर्मन यास,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र मेसच्या भटारखान्यात उघडलं आणि माझ्या जोडीनं राबणाऱ्या मिनर्व्हाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या भावाला खाणीत कमी काम दिसतंय. मी म्हटलं, लहानपणी तो कोंबड्यांची झुंज लावायचा आणि हरलेल्या कोंबड्याला पुन्हा लाथ मारायचा. अजून तसाच आहे. राग मानू नकोस.

लायलबद्दल विचारलंस. आमच्या दाराच्या चौकटीला डोकं लागतं म्हणून तो वाकून आत येतो आणि वाकलेलाच राहतो. मक्याच्या पावाचा अख्खा तवा एका बैठकीला संपवतो. मला मावशी म्हणतो, बटाट्याची पोती उचलून देतो. पण मैदानावर उतरला की हात कुठे जातात त्याचं त्यालाच कळत नाही. सरावात त्याच्या कोपरानं एका पोराचं नाक फुटलं, रक्ताच्या धारा लागल्या. त्या पोरापेक्षा हाच जास्त पांढरा पडला. तेव्हा वेंडेलला सांग, उडी मारताना याच्या अंगाशी जाऊ नकोस. दात सांभाळ. तुझ्या पत्राला उत्तर देतेय ते एवढ्याचसाठी.

आणि तुमच्या न्हाव्याच्या दुकानाला वाटतं तसा काही तो राक्षस नाही. उन्हाळ्यात गवताच्या माळ्यावरून पडला तेव्हापासून डावा गुडघा दुखतो. संध्याकाळी चुलीमागे बसून गरम फडक्यानं शेकतो. त्यांच्या प्रशिक्षकालाही पत्ता नाही. उडी मारून उतरताना सगळा भार उजव्यावर घेतो बिचारा. मला शपथ घातली आहे, म्हणून हे तुझ्यापाशीच ठेव.

आमची बस भरून माणसं येतायत, मीही येते आहे. वेंडेलला पाहीन. ओपलला माझी आठवण सांग. माया आहेच, तू तिची परीक्षा घेऊ नकोस.

तुझी,
डेल्फाताई


बीच फोर्क
१४ जानेवारी १९५७

ती. डेल्फाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू सोन्याची आहेस. ताई, माझ्या तोंडाला कुलूप आहे, दुकानात एक अक्षर बोललो नाही. घरातल्या घरात काय बोललो असेन तेवढंच.

तू आलीस की आमच्या बाजूला बस. ससाण्यांच्या बाकांवर बसलीस तर बहीण म्हणून ओळख देणार नाही. ओपल बीन्स आणि डुकराचं मांस शिजवून ठेवणार आहे. सामना संपल्यावर घरी ये, विजयाचं जेवण जेव आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं जा.

लोभ आहेच, शनिवारनंतर तो दुप्पट होईल.

थर्मन


मार्लो
२१ जानेवारी १९५७

थर्मन,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

मी तुमच्या घरी जेवायला का आले नाही, असं ओपलनं निरोपात विचारलंय. तिला सांग, त्या वेळी मी बसमध्ये खाली बसले होते आणि लायलचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या पायाला एका तुटक्या बाकाची फळी बांधली होती. डोंगरातलं प्रत्येक वळण त्याच्या हाडातून जात होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या कोटाची बाही दातात धरली होती, ती फाटली आहे.

मी सगळं पाहिलं. लायल उडी मारून चेंडू घेऊन खाली येत होता. वेंडेल चेंडूकडे बघतच नव्हता. तो बाजूनं आला आणि जपून टेकणाऱ्या डाव्या पायावर, बरोबर त्या गुडघ्यावर, बुटासकट पाय घातला. चुलीसाठी ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज झाला. गुडघा ज्या दिशेला वळत नाही त्या दिशेला वळला. त्याच्या आधी सगळ्या गोंगाटातून मला एकच आवाज ऐकू आला होता, तो तुझा. तू डावा, डावा म्हणून बोंबलत होतास. जन्मापासून ओळखते मी तो आवाज.

मग जे झालं त्यात तूही होतास, पण तुला काही दिसत नव्हतं. दोन्हीकडची माणसं कठडे ओलांडून आत आली. खुर्च्या उडाल्या. एक माणूस जेवणाच्या पत्र्याच्या डब्यानं दुसऱ्याच्या कानशिलावर हाणत होता आणि प्रत्येक घावाला हसत होता. पंचाला कुणीतरी त्याच्याच शिट्टीच्या दोरीनं ओढत नेलं. बाहेर आमच्या बसवर दगड पडले. मिनर्व्हाच्या डोक्यात काचा शिरल्या, त्या मी भटारखान्यातल्या चिमट्यानं काढल्या. ती मला म्हणाली, ही तुझी माणसं.

लायलनं वाटेत मला एकच गोष्ट विचारली. आपल्या दोघांखेरीज हे कुणाला माहीत होतं, मावशी? मी पाणी हवं का असं विचारून वेळ मारून नेली.

डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पळणार नाही.

डेल्फा


बीच फोर्क
२६ जानेवारी १९५७

ती. डेल्फाताईस,
सा. न. वि. वि.

रागाच्या भरात लिहिलेलं पत्र मी मनावर घेत नाही. खेळ आहे ताई, शिवणकाम नाही. तुमच्या लाडक्यानं आधी कोपर मारून वेंडेलचा ओठ फाडला, टाके पडले, ते तुझ्या नजरेतून सुटलं. पोरगा चेंडूसाठी गेला आणि पाय पडला. मी ओरडलो असेन, तिथे सगळेच ओरडत होते. तुझ्या मार्लोच्या एका माणसाचे पुढचे दात मी पाडले ते मात्र कबूल करतो. माझी बोटं अजून सुजलेली आहेत, पेन नीट धरवत नाही.

गावात वेंडेलला डोक्यावर घेतलंय. न्हावी पैसे घेत नाही. पण पोरगं विचित्र वागतंय. जेवत नाही, दुकानात यायला तयार नाही. परवा एकानं पाठ थोपटली तर त्याला ढकलून दिलं. ओपल म्हणते त्याला एकटं सोडा. मी म्हणतो परतीचा सामना आला की ठीक होईल.

त्यावरूनच आठवलं. १६ फेब्रुवारीला आम्ही तुमच्याकडे येतोय. वेंडेलवर कुणाला सोडणार आहेत? काय बोलतायत तिथे? तुझ्या कानावर येतच असेल. हा तुझ्या रक्ताचा पोरगा आहे, निदान त्याच्यासाठी तरी लिही.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
थर्मन


बीच फोर्क
३० जानेवारी १९५७

ती. आत्यास,
वेंडेलचा शि. सा. न.

हे पत्र आईकरवी टाकतोय. बाबांना माहीत नाही.

बाबांनी तुला काय लिहिलं ते मला कळलं. ते खोटं आहे. सामन्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी जेवणाच्या टेबलावर सुरीच्या टोकानं ओरखडे काढून मला दाखवलं, इथे तो उडी मारतो, इथे उतरतो, हा पाय टाकायला घाबरतो. मी म्हणालो, मी असलं करणार नाही. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की बीच फोर्कमध्ये याआधी कुणाच्या पोरानं बापाला मान खाली घालायला लावलेली नाही. नंतर रोज जेवताना त्या ओरखड्यांवरच माझी थाळी ठेवायचे.

लायलचं कोपर मला लागलं ते चुकून लागलं. तो लगेच वाकून बघायला आला होता, बरा आहेस का म्हणाला. माझ्या तोंडात रक्त होतं, मी ते गिळलं. मग वरून बाबांचा आवाज आला.

आत्या, आवाज बाबांचा होता. पाय माझा होता. मी तो त्यांच्यावर ढकलत नाही. बुटाखाली ते मोडलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, सगळं गाव एका आवाजात ओरडलं. त्यानंतर मी त्या टेबलावर बसलेलो नाही.

मी मार्लोला येणार. घरी बसलो तर आयुष्यभर घरीच बसेन असं वाटतं. तो भेटेल का मला? विचारू नकोस, राहू दे. मी येतो एवढंच.

तुझा,
वेंडेल


मार्लो
६ फेब्रुवारी १९५७

चि. थर्मन यास,

आशीर्वाद देते, कारण आता त्यांची गरज आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. इथे तुझ्या पोराची चिरफाड चालू आहे, तुम्ही लायलची केलीत तशीच. तो डावीकडे वळताना मान खाली घालतो म्हणे. ओठाचे टाके ताजे आहेत, तिथे एक बसला की डोळ्यांपुढे अंधारी येईल म्हणे. हे माझ्या समोर, माझ्याच हातचं सूप पिताना बोलतात. मी त्याची आत्या आहे हे त्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच जरा मोठ्यानं बोलतात. कॉलेजच्या फाटकावर पेंढ्याचं बाहुलं टांगलंय, त्याला वेंडेलचा नंबर लावलाय. येता-जाता पोरं काठ्या हाणतात. काल त्याचं पोट फुटून पेंढा बाहेर आला तर आमचा कसाई टाळ्या वाजवत होता. ग्रेडी मॉस नावाचा एक दांडगा फुटबॉलवाला आहे, त्यानं जन्मात बास्केट टाकलेली नाही. त्याला संघाचा पोशाख शिवून दिलाय. कशासाठी ते तुझ्यासारख्याला सांगायला नको.

आणखी एक. मी लायलला सांगितलं, की गुडघ्याचं मी तुला लिहिलं होतं. तो जेवत होता. त्यानं ताट उचलून भिंतीवर फेकलं. बटाट्याचा डाग अजून आहे, मी पुसला नाही. कुबड्या घेऊन निघून गेला आणि बरेच दिवस फिरकला नाही. काल आला. दारात उभा राहून विचारलं, आज काय आहे जेवायला. मी सांगितलं, त्यानं खाल्लं.

मी माझं सांगून टाकलं. तुझं तू पाहा.

वेंडेलला पाठवू नकोस. ताप आलाय असं कळव, पाय मुरगळला म्हण, काहीही सांग. तो येणारच असेल तर तू तरी येऊ नकोस. आणि आलासच तर रिकाम्या हातांनी ये, थर्मन. एवढं एकदा ऐक.

तुझी,
डेल्फाताई


बीच फोर्क
११ फेब्रुवारी १९५७

ती. ताई,
न. वि. वि.

वेंडेल येणार. मीही येणार. आमच्या घरात तापाची सोंगं घेत नाहीत. पेंढ्याच्या बाहुल्याला मारून ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांना सांग, या वेळी बाहुलं उलटून मारतं.

थर्मन


मार्लो
२४ फेब्रुवारी १९५७

चि. थर्मन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. माझा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. मी सांगते आहे आणि लायल लिहितो आहे. मेसमध्ये दुपारी त्याच्याइतकं रिकामं दुसरं कुणी नसतं.

त्या दिवसानंतर तुझं पत्र नाही, आणि त्या वेळी तू भानावर नव्हतास असं ओपल लिहिते. म्हणून काय झालं ते मीच सांगते. न्हाव्याच्या दुकानात कदाचित वेगळं सांगितलं जाईल.

सामना सुरू होऊन चेंडू दोनदा इकडून तिकडे गेला नसेल, तोच ग्रेडी मॉसनं मागून येऊन वेंडेलच्या मानेवर दोन्ही मुठी एकत्र करून मारल्या. वेंडेल तोंडावर पडला. जबडा फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि आमची बाजू आनंदानं ओरडली. माझ्या शेजारची शांत, देवभीरू बाईसुद्धा. मग ग्रेडीनं त्याला बरगड्यांत लाथ घातली, आणखी एक घातली. वेंडेलनं हात वर केले नाहीत. त्याला करता आले असते. मी पाहत होते, त्यानं केले नाहीत. पंच शिट्टी फुंकत होता आणि ती कुणालाच ऐकू जात नव्हती.

बाकावरून पहिला उठला तो लायल. कुबड्या टेकत आत गेला, एक कुबडी ग्रेडीच्या तोंडासमोर आडवी धरली आणि खाली वाकून वेंडेलच्या बंडीला धरून त्याला ओढायला लागला. तो लिहिताना थांबलाय इथे. मी त्याला म्हटलं, झालं ते लिही.

तेव्हा तू कठडा ओलांडलास. बाहीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी नळी होती. ग्रेडी तुझ्यापासून लांब होता. जवळ होता तो लायल, त्याच्या अंगावर मार्लोचा कोट होता आणि त्याचा हात तुझ्या पोरावर होता. तू एवढंच पाहिलंस. मी मध्ये आले. हात वर केला तो माझं डोकं वाचवायला की त्याचं, मला सांगता येणार नाही.

थर्मन, तू मला पाहिलंस. आपली नजरानजर झाली. पण तोवर तुझा हात तुला थांबवता येण्याच्या पुढे गेला होता, असं मी स्वतःला सांगते. रोज सांगते. हाड दोन ठिकाणी मोडलंय. आत येणारी माणसं कठड्यापाशीच थांबली. तू नळी हातात धरून उभा होतास आणि मला ताई, ताई म्हणत होतास. पोलिसांनी नळी काढून घेतली तरी तुझी मूठ तशीच होती.

शेरीफनं इस्पितळात येऊन विचारलं, कोणी मारलं. मार्लोच्या लोकांनी तुझं नाव आधीच दिलं होतं, पण त्याला माझ्या तोंडून हवं होतं. बाई, गर्दीत दिसलं नसेल तर तसं सांगा, असंही तो म्हणाला. भला माणूस आहे. मी सांगितलं, माझ्या भावानं मारलं, थर्मननं. ग्रेडीचंही नाव सांगितलं. आणि गुडघ्याची गोष्ट मी लिहिली होती, तेही सांगितलं. शेरीफ म्हणाला, त्याला कायद्यात कलम नाही.

वेंडेल माझ्याकडे आहे. जबडा तारांनी बांधलाय, नळीनं सूप पितो. तो परत यायचं म्हणत नाही, मी विचारतही नाही. ओपल येऊन चार दिवस राहून गेली. लायल रोज संध्याकाळी येतो. त्यांची मैत्री झाली असं समजू नकोस. एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला बोलायचं नाही. पण माझा हात असा, म्हणून काल लायलनं सुपाचा वाडगा धरला आणि म्हणाला, सांडू नकोस, मला वाकून पुसता येत नाही. वेंडेलच्या डोळ्यांतून पाणी आलं. तारांमुळे त्याला तोंड लपवता येत नव्हतं.

मार्चमध्ये तुझी तारीख आहे. जामिनावर सुटल्यापासून तू पश्चिमेकडे कुठल्या खाणीवर निघून जायचं बोलतोस असं ओपल म्हणाली. जाऊ नकोस. तू गेलास तर वेंडेलला वाटेल की आपल्या घरात असंच करतात, मारायचं आणि पळायचं. कोर्ट मेसच्या समोरच आहे. त्या दिवशी सकाळी आधी माझ्याकडे ये. इथे तुला पाहून कुणी उठून जाईल, कुणी थुंकेल. तू बस. मी डाव्या हातानं वाढायला शिकते आहे. जेव, मग आपण दोघं रस्ता ओलांडून जाऊ. मी तुझ्या विरुद्ध साक्ष देणार आहे आणि तुझ्या शेजारी बसणार आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा होतात ते मला विचारू नकोस.

मोडलेल्या हातानं का होईना, तुला धरून आहे. तू सोडू नकोस.

तुझी,
डेल्फाताई

ता. क. मावशींनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलं आहे. वरचे आशीर्वाद त्यांचे आहेत. अक्षर तेवढं माझं.
– लायल कॅस्टो